डोंगराचा गल्ला कोणाच्या हाती?

शनिवारी रात्री बारी गावाला फारशी झोप नसते. अकोले तालुक्यातलं, कळसूबाईच्या पायथ्याचं हे गाव. मध्यरात्रीनंतर मुंबई, पुणे, नाशिकच्या गाड्या येऊन लागतात, कपाळाला टॉर्च बांधलेली पोरं उतरतात आणि १,६४६ मीटर उंचीच्या माथ्यावर सूर्योदय गाठायचा म्हणून अंधारातच चढायला लागतात. त्यांच्या आधी गावातल्या बाया वाटेला लागलेल्या असतात. कोणाच्या डोक्यावर पाण्याचा कॅन, कोणाच्या पाठीवर स्टोव्ह, लिंबं, साखर, मॅगीची पाकिटं. लोखंडी शिड्यांच्या अल्याड-पल्याड त्यांची पालं आहेत. जसजसं वर जावं तसतसा लिंबू सरबताचा भाव चढतो आणि शहरातला माणूस कुरकुरतो. खरं तर त्या पेल्यातलं पाणी कोणी आणि कसं वर आणलं हे त्याने नुकतंच स्वतःच्या पायांनी मोजलेलं असतं.

या भागात पावसाळी भात हे मुख्य पीक. ते निघालं की महादेव कोळी कुटुंबांतली माणसं मजुरीसाठी नारायणगाव-जुन्नरच्या बागायती पट्ट्यात उतरतात. वर्षानुवर्षं चालत आलेलं हे स्थलांतर ज्या घरांनी थोडं कमी केलं, त्यातल्या काहींच्या मदतीला डोंगर चढायची शहरी हौस आली. खेळासाठी प्रवास करणारा माणूस स्थानिक अर्थव्यवस्थेला हातभार लावू शकतो का, या प्रश्नाचं पहिलं उत्तर त्या पालांमध्ये मिळतं, आणि ते होकारार्थी आहे. किती, कोणाला आणि कोणत्या अटीवर, हे मात्र तिथे दिसत नाही. त्यासाठी जरा लांबवर फिरून यावं लागतं.

क्रीडा पर्यटनाच्या अभ्यासक हेदर गिब्सन यांनी १९९८ मध्ये या विषयाची जी विभागणी केली ती अजून उपयोगी पडते. सामना पाहायला जाणारे एक, जुनी मैदानं आणि क्रीडा-संग्रहालयं पाहायला जाणारे दुसरे, आणि स्वतः धावायला, चढायला, पोहायला, वल्हवायला जाणारे तिसरे. इथे विषय या तिसऱ्यांचा आहे. सामना पाहणाऱ्याला स्टेडियम लागतं, म्हणजे शहर लागतं, कंत्राटदार लागतो, सरकारी तिजोरी लागते. स्वतः चढणाऱ्याला लागतो तो कडा, जो आधीच उभा आहे. शिवाय हा माणूस जिथे डांबरी रस्ता संपतो तिथे जातो, म्हणजे नेमका जिथे इतर कोणताही उद्योग जात नाही. त्याला भूक लागते, रात्र काढायची असते, वाट दाखवणारा हवा असतो, पाय मुरगळला तर उचलून आणणारे चार खांदे हवे असतात. हे सगळं पुरवायला गावाला फार मोठं भांडवल लागत नाही. घर, चूल, वाटेचं ज्ञान आणि दमसास या गोष्टी गावाकडे असतातच.

मग पैसा गावात का दिसत नाही? उदाहरणादाखल एक हिशेब मांडू. पुण्याहून चाळीस जणांची बस निघाली, माणशी १,५०० रुपये घेतले, तर जमले ६०,०००. गावात नाश्ता आणि पिठलं-भाकरीचं जेवण, माणशी २५० धरले तर १०,०००. वाटाड्याला १,५०० दिले. म्हणजे गावात आले साडेअकरा हजार, पाचव्या हिश्शाहूनही कमी. बाकीचे बसभाडं, डिझेल, ट्रेक लीडरचं मानधन, जाहिरात आणि संयोजकाचा नफा यांत शहरातच राहिले. यात कोणी कोणाला फसवलेलं नाही. सगळे खर्च खरे आहेत. पण हीच चाळीस माणसं गावातल्या घरांत माणशी ५०० रुपये देऊन एक रात्र राहिली, तर गावाचा वाटा साडेएकतीस हजारांवर जातो. एका रात्रीने पावणेतीनपट. पैसा असा बाहेरच राहून जाण्याला अर्थशास्त्रात गळती म्हणतात. पाहुण्यांची संख्या वाढवून ती थांबत नाही, उलट बसगाड्या वाढतात तशी तीही वाढते. माझं म्हणणं सरळ आहे: किती माणसं आली यापेक्षा बुकिंग कोणाकडे, बिछाना कोणाचा आणि वाट कोणाची, यावर गावाचा फायदा ठरतो.

स्पर्धांचं उदाहरण घ्या. सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून होते. शहरातून निघून यवतेश्वरच्या घाटाने कासच्या रस्त्यावर चढायचं आणि तिथूनच परत उतरायचं. २०१५ मध्ये डोंगरावरच्या सर्वांत मोठ्या धावण्याच्या शर्यतीचा गिनेस विक्रम तिच्या नावावर लागला. त्या शनिवार-रविवारी साताऱ्यात लॉजची खोली मिळणं मुश्कील. खानावळी भरतात, कंदी पेढ्याच्या दुकानांतून पिशव्या भरून लोक बाहेर पडतात. एका दिवसाच्या स्पर्धेवर एरवी जो आक्षेप घेतला जातो, की सोमवारी सगळं पुन्हा जैसे थे, तो साताऱ्याला पूर्णपणे लागू होत नाही. स्पर्धा साताऱ्यातल्याच धावपटूंनी उभी केलेली आहे आणि घाटावर सरावासाठी बाहेरचे लोक वर्षभर येत राहतात. गोव्यात २०१९ पासून होणारी आयर्नमॅन ७०.३ ही १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणं अशी स्पर्धा आहे. तिथे हॉटेलं आधीच होती, विमानतळ आधीच होता, आणि नावाचा हक्क परदेशी कंपनीकडे आहे. त्यामुळे फायदा झाला तरी तो बऱ्याच अंशी ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांनाच होतो. सिंहगड-राजगड-तोरणा अशा अल्ट्रा शर्यती या दोन्हींपेक्षा मला आशादायक वाटतात, कारण त्यांची वाट वाड्या-वस्त्यांमधून जाते. मात्र पाणी-खाण्याची ठाणी वाडीतल्या लोकांनी चालवायची की सगळं सामान पुण्याहून टेम्पोने यायचं, एवढ्या एका निर्णयावर त्या वाडीचा दिवस ठरतो.

कोकणात गोष्ट आणखी वेगळी. मालवण-तारकर्लीला मासा कमी झाला, ट्रॉलर आणि पर्ससीनच्या झगड्यात छोटा रापणकर मागे पडला, त्या काळात सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या उथळ पाण्यात पर्यटकांना प्रवाळ दाखवायचा धंदा उभा राहिला. होडी आणि समुद्राची जाण दोन्ही घरचीच होती. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्लीत २०१५ मध्ये स्कूबा डायव्हिंगची प्रशिक्षण संस्था सुरू केली, हे मला राज्याने या क्षेत्रात केलेलं सर्वांत शहाणं काम वाटतं. कारण प्रमाणपत्र हाती असलेला मालवणचा मुलगा अंदमानात किंवा परदेशातही काम मागू शकतो. पर्यटक येवो न येवो, कसब त्याचं राहतं. याच किनाऱ्यावर वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटातल्या स्त्रिया कांदळवनातून होडी वल्हवत पाहुण्यांना फिरवतात. गुंतवणूक मर्यादित आणि गल्ला त्यांच्याच हातात.

पण इथेच मे २०२२ मध्ये तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची होडी उलटली आणि दोन जण बुडाले. अशा घटनेनंतर बुकिंग रद्द होतात ती सगळ्या किनाऱ्यावरची, नियम पाळणाऱ्यांचीसुद्धा. सुरक्षितता ही गावाची सामाईक मिळकत आहे. एकाने लाइफ जॅकेटात कसूर केली की सगळ्यांचं दिवाळं निघतं.

कोलाडच्या राफ्टिंगचा उल्लेख थोडक्यात करतो, कारण त्यात एक विलक्षण धागा आहे. कुंडलिका नदीत सकाळी राफ्ट सुटतात त्या भिऱ्याच्या वीजगृहातून सोडलेल्या पाण्यावर. ते पाणी मुळशी धरणाचं, ज्याच्याविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ मध्ये शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. कितीतरी दशकांनंतर त्या पाण्यावर रोजगार उभा राहिला तो घाटाच्या खालच्या बाजूला. वर बुडालेल्या मावळातल्या गावांच्या वाट्याला त्यातलं काही आलं नाही. नदीत पाणी कधी आणि किती येणार हे विजेच्या मागणीवर ठरतं, राफ्टवाल्यांच्या हातात नसतं. दुसऱ्याच्या चावीवर चालणारा धंदा किती नाजूक असतो, याचं हे नमुनेदार उदाहरण आहे.

आता बाहेरची दोन-तीन उदाहरणं पाहू, कारण त्यांनी नेमक्या याच गळतीवर उपाय शोधले आहेत. नेपाळमध्ये अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्र प्रकल्प १९८६ मध्ये सुरू झाला. तिथे येणाऱ्या प्रत्येक गिर्यारोहकाकडून प्रवेश शुल्क घेतलं जातं आणि ते काठमांडूच्या सरकारी तिजोरीत न जाता त्याच परिसराच्या कामाला लागतं: पायवाटा, पूल, शाळा, रोपवाटिका. लॉजमालकांच्या व्यवस्थापन समित्या बसून जेवणाचे आणि खोलीचे दर ठरवतात. म्हणून एका मुक्कामाच्या गावात कुठेही गेलं तरी डाळ-भाताचा भाव एकच. या साध्या गोष्टीचं महत्त्व आपल्याकडे कळायला हवं. पायथ्याच्या गावात चार घरांनी एकमेकांचे दर पाडायला सुरुवात केली की शेवटी शहरातला संयोजक ठरवेल तो भाव सगळ्यांना मान्य करावा लागतो. लाकूडतोड कमी व्हावी म्हणून लॉजना रॉकेलकडे वळवलं गेलं आणि गावोगावच्या आमा समूहांनी, म्हणजे महिला मंडळांनी, स्वच्छतेची आणि वाटांची कामं हाती घेतली.

अन्नपूर्णेचंही सगळं गोड नाही. लॉज बांधायची ऐपत असलेली वाटेवरची घरं पुढे गेली, वाटेपासून तासभर आत असलेली गावं मागे राहिली. आणि जोमसोम, मनांगपर्यंत गाडीरस्ता पोहोचला तेव्हा कितीतरी मुक्कामाच्या गावांवरून पाहुणे जीपमधून निघून जायला लागले. गावाला रस्ता हवाच असतो, दवाखान्यासाठी, शाळेसाठी. तो नाकारण्याचा हक्क कोणाही गिर्यारोहकाला नाही. पण रस्ता आखताना जुनी पायवाट वेगळी राखली नाही, तर चालण्याचं पर्यटन त्याच रस्त्याखाली गाडलं जातं.

न्यूझीलंडच्या ओटागो प्रांतात १९९० मध्ये एक रेल्वेमार्ग बंद पडला. रूळ उखडून त्याच मातीच्या भरावावर २००० मध्ये सुमारे १५० किलोमीटरचा सायकलमार्ग खुला झाला. गाडी बंद पडल्यावर ओस पडत चाललेल्या छोट्या गावांत पुन्हा खाणावळी, घरगुती मुक्काम, सायकल दुरुस्तीची दुकानं निघाली. या यशातली मेख अंतरात आहे. हा मार्ग एका दिवसात होत नाही, बहुतेकांना तीन ते पाच दिवस लागतात. म्हणजे रात्र काढावीच लागते, आणि रात्र काढायची तर वाटेवरच्या गावातच.

आणि लडाखमध्ये हेमिसच्या परिसरातल्या गावांनी पाहुणे घरोघर पाळीने द्यायचे असं ठरवलं. आज या घरात, उद्या त्या घरात. ज्याचं घर रस्त्याला लागून, त्यालाच सगळे पाहुणे, हा अन्याय त्यामुळे कमी झाला. आपल्याकडे पाण्याची पाळी असते, गुराख्याची पाळी असते, देवळातल्या दिव्याची पाळी असते. पाहुण्यांची पाळी लावायला आपल्या गावांना बाहेरून कोणी शिकवायला यायची गरज नाही.

ही तिन्ही उदाहरणं सह्याद्रीवर ठेवून पाहिली की आपली चूक चटकन लक्षात येते. आपण सगळे किल्ले एका दिवसाचे करून टाकले. शनिवारी रात्री निघा, रविवारी संध्याकाळी घरी. पण रतनवाडीहून रतनगड, कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेत, पुढे पाचनई आणि हरिश्चंद्रगड ही वाट मुळात दोन-तीन दिवसांची आहे. जुने भटके ती तशीच करत. तिला नाव द्या, दगडांवर खुणा करा, कुमशेतसारख्या गावात दहा घरं पाळीने पाहुणे घेतील अशी व्यवस्था लावा, दर गावाने बसून ठरवावेत. मग त्या वाटेवरचा प्रत्येक माणूस दोन रात्री आणि पाच-सहा जेवणं गावात देऊन जाईल. पाहुण्यांची संख्या वाढवावी लागणार नाही, कदाचित निम्मी केली तरी चालेल.

संख्येचं भय खरं आहे. हरिहर किल्ल्याच्या कोरीव पायऱ्यांवर सुट्टीच्या दिवशी माणूस माणसाला चिकटून उभा असतो. भंडारदऱ्याच्या काजव्यांच्या हंगामात गाड्यांच्या दिव्यांनी काजवेच दिसेनासे होतात. पवना धरणाच्या काठावर तंबूंची रांग लागली. तिथे धरणात जमीन गेलेल्या कुटुंबांनी स्वतः टाकलेले तंबू आहेत तसेच बाहेरून येऊन जमिनी घेतलेल्यांचेही आहेत. रात्री ध्वनिक्षेपकाचा आवाज दोन्हींकडून सारखाच येतो. विकलेली जमीन एकदाच पैसे देते. नंतर त्याच जमिनीवर पहारेकरी म्हणून नोकरी धरावी लागते, हे लोणावळ्यापासून मुळशीपर्यंत अनेक घरांनी अनुभवलं आहे. कासच्या पठारावर आसपासच्या गावांच्या वन समित्यांनी फुलांच्या हंगामात ऑनलाइन नोंदणी, शुल्क आणि रोजची तीन हजारांची मर्यादा अशी व्यवस्था चालवली. ती परिपूर्ण नाही, कुंपणावरून वादही झाले. पण गावातल्या पोरांना हंगामी काम मिळालं आणि गर्दीला दार बसलं. किल्ल्यांच्या बाबतीत असं दार बहुतेक ठिकाणी नाहीच.

इर्शाळवाडीचं नाव घेतल्याशिवाय हा आढावा पुढे नेणं मला जमणार नाही. इर्शाळगडाच्या कुशीतली ठाकरांची वाडी. गडावर जाणारे तिथे पोहे खायचे, चहा घ्यायचे, जाता-येता घराच्या ओट्यावर टेकायचे. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. अंधारात, पावसात वर चढून पोहोचलेल्यांत खोपोली परिसरातले गिर्यारोहक होते, कारण ती वाट त्यांच्या पायाखालची होती. ज्या वाडीतल्या घरांत हजारो लोकांनी नाश्ता केला तिला पक्का रस्ता नव्हता, धोक्याची सूचना देणारी यंत्रणा नव्हती. पर्यटनाचा पैसा चुलीपर्यंत आला होता. सुरक्षित जागेवरच्या घरापर्यंत तो कधी आला नाही. पायथ्याच्या वाडीने पाहुण्यांना आसरा द्यावा असं आपण म्हणतो, तेव्हा त्या वाडीच्या डोक्यावरचा डोंगर तपासायची जबाबदारीही आपल्यावर येते.

सरकारच्या बाजूने पाहिलं तर २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आलं, २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आलं. जमीन, पाणी आणि हवा या तिन्हींवरच्या खेळांसाठी नोंदणी, साहित्याचे निकष आणि प्रशिक्षित माणसांची अट त्यात आहे. अट योग्यच आहे. अडचण ती पूर्ण करण्याच्या ऐपतीची आहे. गिर्यारोहणाचा पायाभूत अभ्यासक्रम उत्तरकाशीला किंवा दार्जिलिंगला करायचा तर साधारण चार आठवडे लागतात. साम्रद किंवा पाचनईच्या तरुणाला प्रवासखर्च आणि महिन्याची बुडालेली मजुरी कोण देणार? त्याच्यात कमी काही नाही. २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांमधले पाच आदिवासी विद्यार्थी राज्याच्या उपक्रमातून एव्हरेस्टवर पोहोचले. त्यांच्यावर पैसा खर्च झाला, प्रशिक्षण मिळालं, म्हणून ते पोहोचले. तसं प्रशिक्षण प्रत्येक मोठ्या गडाच्या पायथ्याशी दहा-दहा जणांना, विद्यावेतनासह, सह्याद्रीतच देता येईल. नाही तर नियम कडक होतील तसा साम्रदजवळच्या संधाणच्या दरीत दोर लावायचा अधिकार शहरातल्या नोंदणीकृत कंपनीकडे जाईल, आणि ज्याच्या बापजाद्यांनी ती दरी पायाखाली घातली तो पाठीवर दोर वाहणारा हमाल उरेल.

दुसरी तक्रार दर पावसाळ्यात ऐकू येते. एखादा अपघात होतो, लगेच प्रशासनाचा आदेश निघतो आणि तालुक्यातले सगळे धबधबे, गड, घाटवाटा बंद. धोका असतो हे मान्य. संधाणसारखी दरी पावसात बंद ठेवायलाच हवी. पण ट्रेकिंगचा भर हंगाम नेमका पावसाळ्यातला असतो. सरसकट बंदीने अपघात करणारा हुल्लडबाज पुढच्या तालुक्यात जातो, आणि भाकरीचं पीठ उसनवारीने भरून ठेवलेली बाई हात चोळत बसते. कोणती वाट कधी धोक्याची होते हे गावाला बारकाईने ठाऊक असतं. बंद करायचा आणि उघडायचा अधिकार गाव आणि बचाव पथकं यांच्या समितीला दिला तर निर्णय वाटेगणिक होतील.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात स्थान दिलं. साल्हेर, राजगड, लोहगड, रायगड, शिवनेरी ही सगळी चढून जायची ठिकाणं. आता वाहनतळ होतील, माहिती केंद्रं होतील, निविदा निघतील. साल्हेरच्या किंवा राजगडाखालच्या गावांना यात काय मिळणार, हे पुढच्या तीन-चार वर्षांत ठरून जाईल आणि नंतर बदलणं अवघड होईल.

गावाच्या बाजूने एक कायदा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला आपल्या परंपरागत जंगलाचं संरक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा सामूहिक हक्क दिला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने तो २००९ मध्ये मिळवला आणि २०११ मध्ये स्वतःच्या वाहतूक परवान्यावर बांबू विकून दाखवला. त्याआधी ठेकेदार बांबू न्यायचा आणि गाव तोडणीची मजुरी घ्यायचं, आज पायथ्याच्या गावात वाटाडे आणि हमाल घेतात तशीच. सह्याद्रीतल्या ग्रामसभेने असा हक्क घेतला तर वाटेची देखभाल, रोजची संख्या आणि शुल्क या गोष्टी त्या व्यवस्थापनात बसतात की नाही यावर वाद होईल, वन विभागाशी तर होईलच. तो वाद घालण्यासारखा आहे. दाव्यासाठी गावकऱ्यांचे पुरावे लागतात, हद्दीचा नकाशा लागतो, उपविभागीय समितीपुढे पाठपुरावा लागतो. दर आठवड्याला डोंगर चढणाऱ्यांत वकील आहेत, अभियंते आहेत, सनदी लेखापाल आहेत. त्यांच्या फोनमध्ये या वाटांच्या जीपीएस नोंदी वर्षानुवर्षं साठलेल्या आहेत. त्या नोंदी ग्रामसभेच्या टेबलावर ठेवून नकाशाचं काम याच उन्हाळ्यात सुरू करता येईल.